मासा पाण्यात, मग पक्षी कुठे?

मासा : पाणी :: पक्षी : ? पर्याय चार – आकाश, घरटे, पंख, चोच. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत 'समसंबंध' म्हणून या धाटणीचे प्रश्न येतात. मला ते खुपतात, पण अवघड असतात म्हणून नव्हे. अशा प्रश्नाचं ठरलेलं उत्तर 'आकाश'. 'घरटे' निवडणारं मूल चुकलं, 'पंख' निवडणारंही चुकलं, दोघांना शून्य. पण ही दोन शून्यं सारखी आहेत का? 'पंख'वाल्याला पक्षी म्हटल्यावर जे पहिलं आठवलं, ते त्यानं निवडलं. माशाकडे त्यानं बघितलंच नाही. 'घरटे'वाल्यानं मात्र संबंध शोधला होता : मासा पाण्यात राहतो, पक्षी घरट्यात राहतो. 'आकाश'वाल्याच्या मनात 'वावरतो' होतं, याच्या मनात 'राहतो'. फरक एका क्रियापदाचा. पक्षी बारा महिने घरट्यात नसतो, अंड्या-पिल्लांपुरताच तिथे असतो, असं म्हणून 'घरटे' बाद करता येईल, आणि तो वाद रास्तही आहे. पण वाद घालायला ते क्रियापद आधी कागदावर यायला हवं ना! गोल काळा करायच्या उत्तरपत्रिकेत त्याला जागाच नसते. शिवाय 'आकाश' निवडणाऱ्यानं विचार केला की ठोकून दिलं, हेही तिथे कळत नाही.

म्हणून मला पुलाची आकृती महत्त्वाची वाटते. डेव्हिड हायर्ली या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञानं विचार मांडण्यासाठी ज्या आठ आकृत्या सुचवल्या, त्यांतली ही एक. एक आडवी रेघ, मध्येच छपरासारखा उंचवटा, पुढे पुन्हा रेघ. रेघेच्या वर मासा, खाली पाणी. उंचवट्यापलीकडे वर पक्षी, खाली आकाश. आणि डावीकडे संबंध लिहायची जागा : 'यात वावरतो'. सगळी किंमत या डावीकडच्या जागेची आहे. तिथे 'राहतो' लिहिलं की पलीकडची जोडी बदलते, आणि ती बदलताना मुलाला दिसते. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. उपमा शिकवताना उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ही चार अंगं आपण सांगतोच. मुलं ती पाठही करतात. अडतात ती साधारण धर्मापाशी, कारण वाक्यात तो अनेकदा लिहिलेलाच नसतो. डावीकडची जागा म्हणजे तोच साधारण धर्म, डोळ्यांसमोर आणलेला.

यावर कोणी म्हणेल, हुशार मुलाला चित्र कशाला, ते मनातच जुळवतं. मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग तसं सांगत नाहीत. त्यांनी 1980 मध्ये कॉलेजातल्या मुलांना किल्ल्याची गोष्ट वाचायला दिली : सगळं सैन्य एकाच वाटेनं नेता येत नाही, म्हणून सेनापती लहान तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी पाठवतो. मग गाठीचा प्रश्न : तीव्र किरण निरोगी भागही जाळतात, तर गाठ नष्ट कशी करायची? उत्तर तेच, चहूबाजूंनी सौम्य किरण. तरी बहुतेकांना ते आपणहून सुचलं नाही. गोष्टीचा उपयोग करा म्हटल्यावर मात्र बहुतेकांना सुटलं. पण 1983 चा त्यांचा पुढचा प्रयोग माझ्यासारख्या आकृतीप्रेमींचेही कान पिळतो. एकाच गोष्टीला आकृतीची जोड देऊन फारसं साधलं नाही. त्याच जातीच्या दोन गोष्टी दिल्यावर मात्र तसल्याच आकृतीनं चांगली मदत केली. म्हणजे शिकवते ती तुलना. आकृती तिला आधार देते. तेव्हा पुलाला एकच कमान काढून थांबू नये, तिसरी जोडी मुलानं स्वतः आणावी.

आणि एक चौकट 'कुठे जुळत नाही' याचीही हवी. वीज नळातल्या पाण्यासारखी वाहते, असं सांगणं सोयीचं असतं. पण पाइप कापला तर पाणी सांडतं, तार कापली तर प्रवाह थांबतो. ही चौकट नसेल तर विजेची गळती थेंबाथेंबानं होते, असं मुलानं मानलं तर दोष कोणाचा?

खरा आक्षेप वेगळाच आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. आपल्या कृतिपत्रिकांत 'आकृतिबंध पूर्ण करा', 'चौकटी पूर्ण करा' हे केव्हाच आलं आहे. हेतू चांगला होता, पण अनेकदा उताऱ्यातला शब्द उचलून चौकटीत टाकला की गुण मिळतात. पुलाचंही तेच होईल : डावीकडची जागा छापील येईल, आणि मुलं 'यात वावरतो' हेही पाठ करतील. त्यामुळे या आकृतीला परीक्षेत गुण ठेवा म्हणायला जीभ रेटत नाही. आणि गुण नसतील तर ती वर्गात काढणार कोण, हेही मला ठाऊक आहे. तरी फळ्यावर पूल काढायला खडूचा एक तुकडा पुरतो. डावीकडची जागा तेवढी कोरी ठेवा, आणि 'घरटे' म्हणणाऱ्याला आधी विचारा, का?