शेपटीचं वजन

विमान काढायला सांगितलं की मुलं आधी पंख काढतात. शेपूट शेवटी, कागदावर जागा उरली तर. आमच्या घरी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत रिमोटचं विमान बनलं, तेव्हा सगळ्यात जास्त दिवस शेपटीवरच गेले.

ह्यांची नोकरी कुवेतला. वर्षातून चाळीस दिवसांची रजा. मुलगा आता नववीत आहे. बापलेकांचं फोनवरचं बोलणं ठरलेलं : "अभ्यास कसा चाललाय?" "चांगला." समोरासमोर आले तरी वाक्यं तीच. विमानाने दोघांना भांडायला एक विषय दिला.

पंख 100 सेंमी लांब, 18 सेंमी रुंद. आडव्या शेपटीचं क्षेत्रफळ पंखाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकं हवं, म्हणून ती 45 बाय 8. उभी शेपटी तिच्या निम्म्याहून लहान. मुलाला दोन्ही 3 मिमी प्लायवूडच्या हव्या होत्या. "पडलं तरी तुटणार नाही, अब्बू." ह्यांना फोमची शीट हवी होती. दोघेही हटून बसले. शेवटी हे म्हणाले, "बोलू नकोस, मोजून बघ."

प्लायचे तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर 90 ग्रॅम भरले, फोमचे 10. मग वही उघडली. विमानाचा तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून 5 सेंमी मागे साधायचा होता. तिथून शेपटी 50 सेंमी मागे, बॅटरी 20 सेंमी पुढे. शाळेत शिकलेला तरफेचा नियम लावला, तर मागे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमला पुढे अडीच ग्रॅम लागतात. प्लायच्या जादा 80 ग्रॅमसाठी नाकात 200 ग्रॅम नुसता भार! मुलाने मुकाट्याने फोम कापायला घेतला.

फोम वाकू नये म्हणून आत बांबूची बारीक काडी बसवली. हलणाऱ्या पट्टीची कड तिरकी तासली, नाहीतर ती खाली वळतच नाही. बिजागरी म्हणून साधी पारदर्शक टेप. शेपटी चिकटवण्याआधी नाकाच्या मध्यापासून तिच्या दोन्ही टोकांपर्यंत दोरा धरून अंतर सारखं आहे का, ते तीनदा पाहिलं. दोऱ्याचं एक टोक बापाच्या हातात, दुसरं लेकाच्या.

त्या रात्री जेवताना मी अब्बास इब्न फिरनासचा विषय काढला. नवव्या शतकातला कॉर्डोबाचा हा विद्वान. अंगाला पिसं आणि पंख लावून तो हवेत झेपावला, काही अंतर गेलाही; पण उतरताना पाठीला जबर मार बसला. सतराव्या शतकातला इतिहासकार अल-मक्करी याने त्याचं कारणही नोंदवलंय : पक्षी उतरताना शेपटीचा आधार घेतात, आणि इब्न फिरनासने शेपूट लावलंच नव्हतं. आज चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे.

मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे उतरताना नाक वर उचलायला त्याच्याकडे काहीच नव्हतं." हे त्याच्याकडे बघतच राहिले. आपला मुलगा असा विचार करतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं असावं.

रजा संपायला चार दिवस उरले होते. असरच्या नमाजनंतर गावाबाहेरच्या मोकळ्या रानात विमान उडालं. अल्हम्दुलिल्लाह, सरळ उडालं. दुसऱ्या फेरीत उतरताना उभी शेपटी मोडली. ती दुरुस्त होईपर्यंत हे कुवेतला पोहोचलेही होते.

परवा फोनवर ह्यांनी विचारलं, "नवी शेपटी किती भरली?"

"अकरा ग्रॅम, अब्बू. टेप जरा जास्त लागली."

मग दोघे त्या एका ग्रॅमवर वीस मिनिटं बोलत होते. माझी पाळी आली तेव्हा कार्डातले पैसे संपत आले होते. मला त्याचं काही वाटलं नाही.