खोली थंड, आणि दोष राहणाऱ्याचा?

यंदा डिसेंबरात आई पहिल्यांदाच आमच्याकडे लेस्टरला आली. तिला मागची बेडरूम दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाली, "अरे, खिडकी बंद होती, पण पडदा रात्रभर हलत होता."

त्या रात्री खोलीत थर्मामीटर ठेवला. सकाळी सहाला ११ डिग्री! जागतिक आरोग्य संघटना थंड देशांतल्या घरांसाठी किमान १८ डिग्री सांगते, म्हाताऱ्या माणसांना त्याहून जास्त लागू शकतं असंही सांगते. आई ७४ वर्षांची, दमेकरी. आणि तिला मी माझ्याच घरात ११ डिग्रीत झोपवलं होतं.

घर साधारण १२० वर्षांचं. लाल विटांच्या, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या रांगेतलं. मागची खोली स्वयंपाकघराच्या वर. दोन भिंती बाहेरच्या, डोक्यावर थेट छप्पर. भिंत म्हणजे नऊ इंच भरीव वीट आणि प्लास्टर. इथे पुढे जी घरं बांधली गेली त्यांच्या भिंतीत मध्ये पोकळी असते, त्यात इन्सुलेशन भरता येतं. आमच्या भिंतीत पोकळीच नाही.

कपाटामागे काळी बुरशी होती, ती मला माहीत होती. दर हिवाळ्यात पुसायचो. आणि खरं सांगायचं तर मनातून वाटायचं, चूक आपलीच आहे. कारण पूर्वी भाड्याने राहत होतो तेव्हा घर बघायला आलेल्या माणसाने बुरशी पाहून ऐकवलं होतं, "तुम्ही लोक स्वयंपाक फार करता. कपडे आत वाळवता. खिडक्या उघडा." तेव्हापासून बायको वरण शिजवतानाही खिडकी उघडायची, जानेवारीत!

पण ही साधी गोष्ट बघा. फ्रिजमधली बाटली बाहेर काढली की तिला बाहेरून पाणी सुटतं. तो दोष खोलीतल्या हवेचा की बाटलीच्या गारपणाचा? वाफ प्रत्येक घरात असते. माणूस नुसता श्वास घेतो तरी ती होते. भिंत गार असली की ती तिथे जाऊन बसते, आणि मग बुरशी.

हा "तुम्ही लोक" प्रकार किती महागात पडतो ते याच देशाने पाहिलंय. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचं मूल गेलं. घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने झालेल्या श्वसनविकाराने, असा निष्कर्ष २०२२ मध्ये मृत्यूच्या अधिकृत चौकशीत निघाला. आईबाप तक्रारी करत होते आणि दोष त्यांच्या राहणीवर ढकलला जात होता. त्याच्या नावाचा कायदा ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला: तातडीचा धोका असेल तर २४ तासांत कारवाई, गंभीर ओल-बुरशी असेल तर कामाच्या १० दिवसांत तपासणी. सुरुवात मात्र फक्त सामाजिक गृहसंस्थांच्या घरांपासून.

असो. आमच्या खोलीचा तपास आईनेच लावला. तिने देवापुढची उदबत्ती उचलली आणि खोलीभर फिरवली. धूर सरळ वर जायला हवा, तो आडवा कुठे होतो ते बघायचं. वर-खाली सरकणाऱ्या जुन्या खिडकीच्या मधल्या फटीत आडवा झाला. लाकडी जमिनीच्या फळ्यांमध्ये, माळ्याच्या झाकणाशी आडवा झाला. आणि सगळ्यात जास्त जुन्या फायरप्लेसवर ठोकलेल्या प्लायवूडच्या कडेला. मागे अख्खी चिमणी आकाशाला उघडी होती!

दोन वीकेंड लागले. खिडकीला ब्रशची पट्टी, फळ्यांच्या फटीत भरण, चिमणीत मेंढीच्या लोकरीचा बोळा, झाकणाला रबर. माळ्यावर जुनी, दबून गेलेली ग्लासवूल होती जेमतेम चार इंच. आता शिफारस २७० मिलिमीटरची, म्हणजे दहा-अकरा इंचांची आहे, तेवढी केली. सगळं मिळून ३०० पाउंडांच्या आसपास. पुढच्या तशाच थंड सकाळी १५ डिग्री. पडदा हलायचा थांबला.

उरली भिंत. आतून लाकडाच्या तंतूंचे बोर्ड आणि त्यावर चुन्याचं प्लास्टर, म्हणजे ओल अडकून राहत नाही. त्याचा खर्च हजारांत आहे. ते अजून जमलेलं नाही.

आता खरा मुद्दा. २०२२ मध्ये गॅसचे भाव भडकले तेव्हा सरकारने बिलं भरायला अब्जावधी पाउंड ओतले. प्रत्येक घराला ४०० पाउंड दिले. गरज होती, नाकारत नाही. पण आमचे ४०० त्या चिमणीतून वर गेले हो! त्याआधी २०२० मध्ये इन्सुलेशनसाठी अनुदान योजना आली होती. उद्दिष्ट ६ लाख घरांचं. सहा महिन्यांत गुंडाळली, काम झालं ५० हजारांच्या आसपास घरांचं. पुढच्या योजनांत तर बाहेरून इन्सुलेशन लावलेल्या ९८ टक्के घरांचं काम दुरुस्त करावं लागणार, असं इथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०२५ मध्ये सांगितलं. बिलाची सूट मतदाराला दर महिन्याला दिसते. भिंतीतलं इन्सुलेशन कोणाला दिसत नाही. म्हणून सूट मिळते, भिंत तशीच राहते.

आईला हे सगळं सांगत होतो. नागपूरचं आमचं घर वरच्या मजल्यावर, मे महिन्यात स्लॅब रात्री बारापर्यंत आग ओकतो. ती म्हणाली, "तिकडे छत तापतं, इकडे भिंत गारठते. बांधणाऱ्याला त्यात झोपायचं नसतं, एवढं दोन्हीकडे सारखंच."

इथे जुन्या घरात राहणाऱ्या मित्रांनो, आधी उदबत्ती फिरवा, मग पैसे खर्च करा. फटी बुजवा, पण हवा खेळण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या जाळ्या बुजवू नका, आणि स्वयंपाकघरातला पंखा चालू ठेवा. भाड्याचं घर असेल तर थर्मामीटरचा फोटो तारखेसकट काढून लेखी तक्रार करा. आणि कोणी "तुम्ही लोक स्वयंपाक फार करता" म्हणालं, तर मान खाली घालू नका. आम्ही तीन वर्षं घातली होती.