खुलताबाद आणि परदेशी सून

दौलताबादचा घाट चढून आम्ही जियारतीसाठी खुलताबादला आलो. इथे विसावलेले हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब दिल्लीहून आलेले. समोरच्या दर्ग्यातल्या हजरत जैनुद्दीन यांचा जन्म शिराझचा. गावाबाहेर, मोठ्या घुमटाखाली, हबशाणातून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर १६२६ पासून निजला आहे. पत्नी बीबी करीमाची कबरही जवळच आहे. दूरदेशीच्या माणसांना या मातीने आपले मानले.

आज घरात परदेशी सून आली, तर मन मोठे असून भागत नाही. कागदही पक्के लागतात. व्हिसाची मुदत सांभाळावी लागते. २०१५ च्या कायदादुरुस्तीनुसार भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी लग्न नोंदवलेले आणि सलग दोन वर्षे टिकलेले हवे. कार्ड मिळाले की व्हिसा वाढवण्याच्या फेऱ्या संपतात. मात्र तलाक झाल्यास ते रद्द होऊ शकते. पाकिस्तानी किंवा बांगलादेशी सुनेला हे कार्ड मिळत नाही. तिचा आधार दीर्घ मुदतीचा व्हिसा. पुढे सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो.

म्हणून निकाहनामा पेटीत जपून ठेवण्यावर थांबू नका. लग्नाची सरकारी नोंदणी लगेच करा, व्हिसाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मुदत चुकली, तर मुलांची आई त्याच घरात बेकायदा ठरते. माहेर सोडून आलेल्या मुलीची ही अमानत आहे. ती सासरच्यांनीच सांभाळायची.