बाभळीचे मेज

पन्नाशी उलटल्यावर मनुष्याने नवे छंद लावून घेऊ नयेत, असे आमचे एक स्नेही नेहमी सांगत असतात. आणि आमच्या घरच्या मंडळींचे मतही याहून निराळे नाही. तथापि काटेवाडीच्या घरी आम्ही लाकूड व राळ यांचे एक मेज स्वहस्ते तयार केले, ही गोष्ट आता लपवण्याजोगी राहिलेली नाही. ते मेज ओसरीवरच मांडलेले असून, येणारा प्रत्येक जण त्याजवर कपबशी ठेवण्यापूर्वी ‘हे काय?’ असे विचारतोच.

राळ हा शब्द आम्ही मुद्दाम योजला आहे. बाजारात या द्रव्यास इपॉक्सी रेझिन म्हणतात. आपली जुनी राळ सालवृक्षाच्या खोडातून पाझरते व धुपात जळते. ही नवी राळ कारखान्यात जन्मते. स्वित्झर्लंडचे पिएर कास्टान व अमेरिकेचे सिल्वान ग्रीनली या दोन रसायनज्ञांकडे तिचे जनकत्व जाते. १९४६ साली सीबा या स्विस कंपनीने ‘अ‍ॅराल्डाइट’ या नावाने ती विक्रीस आणली. फुटलेल्या बशीचा कान चिकटवण्यासाठी दोन नळ्यांतील लगदा काडीने कालवणाऱ्या गृहस्थाने ही विद्या अल्पांशाने केलेलीच असते. एका भांड्यात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारे द्रव्य. दोन्ही ठरल्या प्रमाणात एकत्र आली की त्यांचा संयोग होतो, त्यातून उष्णता निघते आणि मधासारखा पातळ रस काही तासांत दगडासारखा होतो. मग तो पुन्हा वितळत नाही. हा शेवटचा गुण आम्ही पुस्तकात वाचला होता. त्याचा अर्थ मात्र आम्हांस पुढे कळला.

आता लाकडाविषयी. आमचे शेत व आमच्या थोरल्या चुलतबंधूंचे शेत यांच्या मधल्या बांधावर एक जुनी बाभूळ होती. बांध हा शब्द उच्चारताच खेड्यातील वाचकांस पुढचे सारे समजले असेल. तो बांध कोणी किती कोरला यावरून आमच्या वडिलांचे व चुलत्यांचे बोलणे बंद झाले होते, आणि ती मिळकत आम्ही दोघांनी यथास्थित सांभाळली होती. चार वर्षांपूर्वी वळवाच्या वादळात बाभूळ उन्मळून पडली. पडली तीही नेमकी बांधावरच, म्हणजे निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे. चार जाणत्या मंडळींनी मध्ये पडून तोड काढली, खोड करवतीच्या गिरणीत उभे चिरून घेतले आणि फळ्या सारख्या वाटल्या. मधल्या दोन फळ्या एकाच खोडाच्या लगतच्या, एकीची रेघ दुसरीत जणू आरशात उमटलेली. त्यांतील एक आमच्या पडवीत आली आणि दुसरी दादांच्या गोठ्यात गेली.

पुढे वर्षभराने आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर एक नमुना दाखवला. दोन फळ्यांच्या सालीकडच्या वेड्यावाकड्या कडा समोरासमोर मांडायच्या, मधल्या फटीत निळी राळ ओतायची, आणि दोन तीरांमधून नदी वाहते असा भास उत्पन्न करायचा. ‘‘काका, आपल्याकडं एकच फळी आहे,’’ असे पुतण्याने लगेच निदर्शनास आणले. त्या वाक्यानंतर घरात जी शांतता पसरली तिचे वर्णन आम्ही करीत नाही.

आम्ही दादांकडे गेलो. सात वर्षांनी त्यांचा उंबरा ओलांडताना, वर्गात शंभर मुलांपुढे जे शब्द आपण होऊन धावून येतात त्यांपैकी एकही आला नाही. दादांनी सारे ऐकून घेतले. ‘‘न्या की,’’ ते म्हणाले, ‘‘पण फळी आमची हाय. टेबल कुणाचंबी असू द्या.’’ वहिनींनी चहा केला. आम्ही तो घेतला.

गावच्या सुतारमिस्त्रींनी दोन्ही फळ्यांवर बोटाची पेरे वाजवून पाहिली आणि सांगितले, ‘‘सर, बाभळीला घाई खपत न्हाई. इंचाला एक वरीस. ही दोन इंची फळी हाय.’’ बाभळीचे लाकूड किती चिवट, हे गाडीच्या चाकास आणि नांगरास ते वापरणाऱ्यांकडून ऐकावे. परंतु आमच्या मनात तुकोबांची पालखी होती. आषाढी वारीत ती काटेवाडीस येते तेव्हा परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते, आणि घरोघरी पाहुण्यांचा राबता असतो. त्या दिवशी मेज ओसरीवर असावे, अशी आमची इच्छा. खरे सांगावयाचे तर, दादांकडच्या पाहुण्यांनीही ते पाहावे, ही त्या इच्छेतील मोठी बाजू.

फट पाच फूट लांब, सरासरी सहा इंच रुंद, दोन इंच खोल. हिशेबाने राळ बारा लिटरांच्या आसपास लागली. तिची किंमत ऐकून मिस्त्रींनी शिसवी मेजाचा भाव आम्हांस सांगितला. मृगाचे ढग भरून आले असता आम्ही तो सारा रस एका दमात ओतला. एवढा जाड थर घालावयाचा तर संथपणे घट्ट होणारी राळ घ्यावी लागते किंवा थर थोडेथोडे घालावे लागतात. तसे न केल्यास आतील उष्णतेला वाट मिळत नाही. ओल्या लाकडातून बुडबुडे निघू लागले. साच्याचा एक कोपरा नीट लिंपला नव्हता, तेथून रात्रभर रस शहाबादी फरशीवर ठिबकला. बादलीत उरलेला रस तापून धुमसू लागला, तेव्हा सौभाग्यवतींनी ती चिमट्याने धरून अंगणात नेली. सकाळी पाहतो तो नदी नव्हतीच; दुधट, फुगवट्यांनी भरलेला, मध्येच तडकलेला एक निळा चुना होता. आणि त्यात दादांची फळी कायमची अडकली होती.

त्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तेच आले, मेजाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘‘कालव्याचं पाणी निळं कवा बघितलं होतं, प्रोफेसर?’’ प्रश्न रास्त होता. १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा ऊस उभा आहे. त्या पाण्याचे रंग आम्ही लहानपणापासून पाहिले, त्यांत हा रंग खरोखरच नव्हता.

मिस्त्रींनी करवतीने राळ कापून काढली. दोन्ही फळ्यांचा बोटभर काठ तिच्याबरोबर गेला. मग दोन वर्षे फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्या. दादांची फळी परत गोठ्यात गेली नाही, आमच्याच पडवीत राहिली. ती कशी सुकते हे पाहण्यास ते अधूनमधून येत. त्या काळात आम्ही जॉर्ज नाकाशिमा यांच्याविषयी वाचले. हे जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर १९३७ साली पुदुच्चेरीस आले आणि अरविंदाश्रमाच्या ‘गोलकोंड’ या इमारतीवर त्यांनी काम केले. लाकडाची चीर ते लपवीत नसत. फुलपाखराच्या आकाराची खुंटी तिच्यावर आडवी बसवून ती पुढे वाढू नये एवढेच करीत. आमच्या फळीच्या टोकास पडलेल्या चिरेवर मिस्त्रींकडून आम्ही तशी खुंटी बसवून घेतली. त्यांस ती रीत ठाऊक होती. नाकाशिमा मात्र ठाऊक नव्हते.

रंगाचा प्रश्न वहिनींमुळे सुटला. बाभळीच्या खोडास जखम झाली की तेथून डिंक पाझरतो व जखम झाकतो. याच झाडाचा डिंक काढून आमच्या आजीने दोन्ही घरांतील बाळंतिणींना लाडू केले होते, असे त्या सहज बोलून गेल्या. आम्ही राळेत चिमूटभर तपकिरी रंग कालवला. या खेपेस फाल्गुनातील कोरडी हवा होती. प्रथम फळ्यांच्या कडांना पातळ हात दिला, म्हणजे लाकडातील हवा वर येणार नाही. मग तीन दिवसांत तीन थर ओतले. पुढे जाड्या कागदापासून बारीक कागदापर्यंत घासण्यात पंधरा दिवस गेले. ती धूळ नाकात व ती राळ कातडीवर जाऊ देऊ नये. आम्ही एक दिवस हातमोजे घातले नाहीत, त्याची खाज महिनाभर पुरली.

मेज झाले. राळेत अजून चार बुडबुडे आहेत आणि उन्हे उतरली म्हणजे ते सोन्याच्या कणांसारखे दिसतात, असे चिरंजीवांचे मत. आम्हांस ते बुडबुडेच दिसतात. दादा येतात तेव्हा नेहमी आपल्या फळीच्या बाजूस बसतात. बांधाची मोजणी अद्याप व्हावयाची आहे. अर्ज दोघांनीही मागे घेतलेला नाही, आणि मोजणीची नोटीस गेल्या महिन्यात आली ती दादांनी याच मेजावर चष्मा लावून मोठ्याने वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी मेज दोन्ही हातांनी हलवून पाहिले. फरशीवर सांडलेली ती निळी राळ अजून तेथेच आहे; तिच्यावर टेकलेला एक पाय डुगडुगतो.