नग आणि वजन

भंगाराच्या दुकानात व्यवहार दोनच तऱ्हांनी होतो, एक नगाने आणि दुसरा वजनाने. आणि जुनी गाडी उकलणाऱ्या कारागिराचे सारे कसब, पहिल्या वर्गातली वस्तू दुसऱ्या वर्गात घसरू न देण्यात खर्ची पडत असते, हे माझ्या ध्यानी आले ते दोंडाईच्याला, भाच्याच्या पिकअपसाठी डाव्या अंगाचा दरवाजा आणि मडगार्ड शोधीत हिंडताना. भाच्याची गाडी मिरचीच्या हंगामावर पोसलेली. हिवाळ्यात शहाद्याकडून आणि शिंदखेड्याकडून लाल मिरची बाजार समितीत येऊ लागली, की तिला दिवसरात्र उसंत नसते. आणि नेमक्या अशाच दिवसांत उसाच्या एका ट्रॉलीने तिची डावी कूस चेपून टाकली होती. नवा पत्रा घेण्याची ऐपत नव्हती असे नाही. पण एवढ्या वयाच्या गाडीला नवा पत्रा शोभत नाही, असे भाच्याचे मत पडले.

भंगाराच्या त्या आवारात हवी ती गाडी मिळाली. जीपच्या घराण्यातली, नंबराच्या पाटीवर धुळ्याचा ‘एमएच १८’, चाके गेलेली, विटांच्या चळतींवर टेकवलेली. या घराण्याचा भारतातील इतिहास मोठा मौजेचा आहे. 1947 साली महिंद्रांनी अमेरिकेतील विलीस कंपनीच्या जीपा येथे आणविल्या, त्या अखंड नव्हे, तर सुट्या भागांच्या रूपाने, आणि जोडणी मुंबईत केली. म्हणजे पेट्यांतून तुकड्यातुकड्यांनी आलेल्या वाहनाचे वंशज आज गावोगावच्या आवारांतून पुन्हा तुकड्यातुकड्यांनी परतीच्या वाटेला लागले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

मिस्तरी साठीच्या पलीकडले. “तुमले काय जोयजे?” एवढेच त्यांनी विचारले, आणि भाच्याने दरवाजा व मडगार्ड अशी फेरिस्त सांगताच गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. पाना त्यांनी लगेच उचलला नाही. प्रथम प्रत्येक नटावर डिझेल सोडले, मग हातोडीने हलके हलके ठोके दिले, आणि आम्ही चहा घेऊन येईतो सारे तसेच राहू दिले. पाना लावला तेव्हाही त्यांनी नट आधी सोडण्याच्या दिशेने नव्हे, तर आवळण्याच्या दिशेने अंमळ फिरवला. गंजाची पकड त्या उलट्या हिसक्याने मोडते, आणि मगच तो परत फिरण्यास राजी होतो. भाच्याची चुळबुळ चालली होती. “दम धरा भाऊ, निंघी जाई,” मिस्तरी त्याच्याकडे न पाहताच म्हणाले.

गॅसचा कटर शेजारीच पडला होता. त्याने हे काम घटकेत झाले असते, यात शंका नाही. परंतु ज्योत लागली की पत्रा तापून वाकतो, रंग आणि रंगाखालची लांबी करपते, बोल्टांची भोके निकामी होतात, आणि ज्याला क्षणापूर्वी मडगार्ड म्हणत होतो ते निव्वळ लोखंड होऊन काट्यावर जाते. पान्याने उतरला तर नग, गॅसने उतरला तर वजन: त्या आवारातले सारे अर्थशास्त्र हे एवढेच, आणि माझ्या मते ते पुष्कळ मोठ्या अर्थशास्त्रापेक्षा प्रामाणिक आहे.

बोनेट दोघांनी उचलून उतरवले, मग जाळी, मग दिव्यांच्या तारा. गाडी बांधताना जे शेवटी चढले असेल ते येथे प्रथम उतरते. मडगार्डचा एक बोल्ट दरवाज्याच्या आड दडलेला होता, म्हणून दरवाजा आधी काढावा लागला, आणि तो आडवा ठेवून आतले अस्तर उचकटताच आम्हा तिघांनाही एकदम ठसका लागला. काचेच्या फटीतून वर्षानुवर्षे आत झिरपलेली मिरचीची धूळ आणि बिया तळाशी साचून राहिल्या होत्या. पाणी वाहून जाण्याची छिद्रे त्यांनी बुजवली होती, आणि गंज नेमका तेथेच, बोटभर उंचीपर्यंत, चढला होता. खानदेशची कोरडी हवा लोखंडाला तशी मानवते. कोकणात जे काम खारा वारा करतो, ते येथे दडून बसलेली ओली माती करते, किंवा हौद्यात वाहिलेली खताची पोती. हौदा तर चाळणच झाला होता. त्याच्याकडे मिस्तरींनी ढुंकूनही पाहिले नाही, तो वजनातच जायचा होता.

दरवाज्यावर रंगाचे तीन थर होते. वरचा पिवळा, त्याखाली निळा, आणि निळ्याच्या पोपड्यांतून डोकावणारी, कोण्या पेंटरने मन लावून काढलेली अक्षरे: ‘एकविरा माता प्रसन्न’. धुळ्याला पांझरेच्या काठी देवीचे देऊळ आहे, आणि या भागातल्या निम्म्या गाड्या तिच्या भरवशावर चालतात.

कायद्याच्या दृष्टीने मात्र गाडीचे मरण इतके सावकाश होत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 अन्वये, वाहन नष्ट झाले वा कायमचे निरुपयोगी झाले, तर मालकाने 14 दिवसांत, अथवा शक्य तितक्या लवकर, नोंदणी अधिकाऱ्यास तशी वर्दी द्यावयाची असते, की मग दप्तरातून ती नोंद खारीज होते. माणसाच्या मृत्यूची वर्दी देण्यास सरकारने 21 दिवसांची मुदत ठेवली आहे. गाडीच्या आप्तांना शोक आवरण्यास सात दिवस कमी का, हे कायदा सांगत नाही. 2021 च्या नियमांनी गाड्या मोडीत काढण्यासाठी नोंदणीकृत केंद्रे योजिली, आणि तेथे गाडी जमा केल्याचे प्रमाणपत्र नवी गाडी घेताना उपयोगी पडते. गाव मात्र अजून आपल्या सवयीने चालते.

धुळ्याचे नाव निघाले म्हणून एक आठवते. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे मिळवीत हिंडले, आणि त्यांच्या निधनानंतर 1927 साली धुळ्यास त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या कागदांपैकी पुष्कळांचे भवितव्य रद्दीच्या तागडीत ठरून गेले असते. वाचणारा डोळा भेटला म्हणून त्यांचा एकेक तुकडा नगाने मोजला गेला. मिस्तरींना राजवाडे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण बोटाने गंज खरवडून ते ज्या रीतीने पत्र्याचा जिवंत भाग शोधीत होते, ती रीत त्याच पंथातली होती.

घासाघीस झाली ती बिजागऱ्यांवरून. दरवाज्याचा भाव ठरला, मडगार्डचा ठरला. भाच्याचे म्हणणे असे की त्याच्या गाडीच्या बिजागऱ्या शाबूत आहेत, तेव्हा या काढून ठेवाव्यात आणि तेवढे पैसे कमी करावेत. मिस्तरींनी साफ नकार दिला. बिजागरी काढलेला दरवाजा उद्या कोणी परत आणला तर तो आपण नगात धरणार नाही, आणि सुट्या बिजागऱ्याही धरणार नाही, मग दोन्ही वस्तू का म्हणून मारायच्या, असा त्यांचा सवाल. भाचा निरुत्तर झाला, पैसे पुरते मोजले, आणि जाता जाता मडगार्डचे बोल्ट मागितले. ते मिस्तरींनी मूठभर उचलून, न मोजता, न तोलता, त्याच्या खिशात टाकले.