खांडसच्या रानातील शाकवर्ग

ज्येष्ठाच्या पहिल्या सरी कोसळून गेल्या, की कल्याण स्टेशनाबाहेर काही दिवस एक निराळाच बाजार भरतो. कर्जत व शहापूर या बाजूंच्या ठाकर आणि कातकरी बायका पहाटेच्या गाडीने येतात व सागाच्या पानांवर आपला माल मांडून बसतात. मळ्यातील कोणतीही भाजी त्यात नसते. जे असते ते रानाने आपण होऊन दिलेले. चाळीस वर्षे आम्ही छत्री सावरीत त्या बाजारावरून शाळेस गेलो व आलो. परंतु तेथे थांबण्याचा प्रसंग कधी आला नाही. आमचे घराणे मूळचे वाईचे. घोळ, चाकवत, माठ, तांदुळजा एवढ्यांवर आमच्या घरातील पालेभाज्यांची यादी संपत असे. कोकणातील या रानभाज्यांस आमच्या स्वयंपाकघरात ना नाव होते, ना भांडे.

सेवानिवृत्तीनंतर हाती वेळ आला, आणि गेल्या वर्षी आम्ही प्रथमच तेथे थांबलो. एका ठाकर बाईपुढे शेवळ्यांच्या जुड्या होत्या. शेवळे म्हणजे सुरणाच्या जातीच्या एका रानकंदाचा फुलोरा. पहिल्या पावसाबरोबर पाने येण्यापूर्वीच तो जमिनीतून भाल्यासारखा वर येतो. वर तपकिरी-जांभळे वेष्टन व आत लांबट दांडा, असे त्याचे रूप असते. आम्ही दोन जुड्या घेतल्या. बाईने त्यांबरोबर आवळ्याएवढी सहा हिरवी फळे पुढे केली आणि त्यांचे निराळे पैसे मागितले. ती काकडाची फळे होती. ही भाव वाढविण्याची युक्ती होय, अशी आमची खात्री झाली. "काकडाबिगर शेवळं खात न्हाईत, गुर्जी," असे ती म्हणाली. आम्ही ती फळे परत तिच्या पानावर ठेवली आणि निघालो.

त्या दिवशी थोरल्या सूनबाईंनी शेवळ्यांची भाजी पालेभाजीसारखी पीठ पेरून केली. आतील पिवळा भाग काढून टाकावा लागतो हेही कोणास ठाऊक नव्हते. पहिल्या दोन घासांतच पंगतीतील सर्वांचे घसे खवखवू लागले. आमचा सहा वर्षांचा नातू जीभ बाहेर काढून जो रडू लागला, तो दोन तास थांबला नाही. डॉक्टरांना बोलवावे लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तडक स्टेशनावर गेलो आणि दहा माणसांदेखत त्या बाईस म्हणालो, "तुम्ही विष विकता. आमच्या घरचे लेकरू रात्रभर तळमळले!" तिने एक शब्दही उत्तर दिला नाही. पाने गुंडाळली, टोपली उचलली व ती निघून गेली.

आमच्या शेजारी कायस्थ प्रभूंचे घर आहे. त्या घरातील वृद्ध आजींनी ही हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. शेवळे हे त्यांच्याकडचे मोठ्या आवडीचे पक्वान्न आहे. "अहो गुरुजी, काकडाचा रस घातल्यावाचून शेवळ्याला हात तरी कोण लावील?" असे त्या म्हणाल्या. आमच्या धाकट्या सूनबाई वनस्पतिशास्त्राच्या पदवीधर आहेत. त्यांनी सांगितले, की सुरण, अळू व शेवळे या सर्वांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते घशात रुततात. याकरिताच अळूत चिंच व शेवळ्यात काकड घालण्याचा प्रघात आहे. म्हणजे जिने औषध देऊ केले, तिलाच आम्ही विष विकणारी ठरविले होते. पुढे चार दिवस आम्ही स्टेशनावर जात होतो. परंतु ती बाई दिसली नाही. ती खांडसकडील एका वाडीतली असल्याचे तिच्याबरोबरच्या एकीने सांगितले.

आषाढात आम्ही धाकट्या सूनबाईंसह निघालो. कल्याणहून कर्जतपर्यंत आगगाडी व तेथून कशेळेमार्गे खांडसपर्यंत एस.टी. असा हा प्रवास आहे. कशेळे मागे पडले, की सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. माथ्यावर भीमाशंकर, परंतु तो भाग त्या दिवशी ढगांत पूर्ण बुडालेला होता. पदरगडाचा सुळका मात्र मधूनमधून दर्शन देई. यात्रेकरू येथूनच गणेश घाटाने किंवा शिडी घाटाने वर चढतात. खाली खाचरांत आवणी चालू होती, आणि त्या चिखलातच आम्हांस ती बाई सापडली.

काय बोलावे हे आम्ही एस.टी.त बसून मनाशी जुळविले होते. विद्यार्थ्यांकडून माफीपत्रे लिहवून घेण्यात आमचे आयुष्य गेले. स्वतः माफी मागण्याचा सराव नव्हता. आम्ही बांधावर उभे राहून चष्मा पुशीत असता तिनेच वर पाहिले व विचारले, "पोराचा गळा बरा झाला का, गुर्जी?" आम्ही जुळविलेली वाक्ये तशीच राहिली. "चूक आमची होती, बाई," एवढेच तोंडातून निघाले. तिने हातातील रोपे संपविली, पाय धुतले आणि आम्हांस रान दाखविण्यास ती पुढे निघाली.

चरकाने सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हटले आहे, की वनस्पतींची नावे व रूपे शेळ्या-मेंढ्या आणि गाई राखणारे व इतर वनवासी जाणतात. परंतु केवळ नावरूप जाणल्याने त्यांचा योग कळतो असे नाही. आम्ही कोशातील नावे तेवढी जाणत होतो. रूपाचीही ओळख नव्हती. वाटेच्या कडेने गुडघाभर टाकळा माजला होता. चक्रमर्द व दद्रुघ्न ही त्याची नावे आम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितली असतील. परंतु तोच हा, हे आम्हांस ठाऊक नव्हते. संध्याकाळी त्याची पाने मिटतात, पिवळी फुले येण्यापूर्वीच कोवळा शेंडा खुडावा, हे तिने सांगितले. पुढे एका झाडाखाली पांढरी फुले पडली होती. तिने ओंजळभर वेचून "कुड्याची भाजी करतो आम्ही," असे सांगितले. कुडा म्हणजे कुटज. मेघदूतातील यक्षाने मेघास अर्घ्य दिले ते याच फुलांचे. ते काव्य आम्ही तीस वर्षे शिकविले आणि फूल पाहिले ते येथे, एका ठाकर बाईच्या ओंजळीत.

फोडशीपाशी ती बराच वेळ थांबली. ही गवतासारखी दिसते व आपल्या डोळ्यांस गवतच वाटते. तिने विळ्याने पाती वरच्यावर कापली. "मुळी सोडायची. मुळी काढली तर पुढल्या साली काय खाल?" हिच्याच जातीतील सफेद मुसळीच्या मुळ्या औषधांसाठी इतक्या खणून नेल्या गेल्या, की ती रानात दुर्मीळ झाली, अशी पुस्ती सूनबाईंनी जोडली. जवळच कळलावीची एक वेल होती. हिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळते, हीच ओळख. फुले अग्निशिखेसारखी मोहक, परंतु सर्वांग विषारी, आणि कंद तर विशेषच. बाईने ते वळलेले टोक आमच्या बोटाला गुंडाळून दाखविले आणि सूनबाईंकडूनही तसेच करवून घेतले. अध्यापनाची ही रीत आम्हांस कोणी शिकविली असती तर बरे झाले असते.

दुपारी तिच्या घरी तांदळाची भाकरी व भारंगीची भाजी जेवलो. कोणी जुन्या वळणाचे वाचक विचारतील म्हणून लिहिले. एरव्ही यात सांगण्यासारखे काही नाही. भारंगीची पाने कडू असतात. ती उकडून, घट्ट पिळून मग फोडणीस टाकावयाची. ती लसूण-कांदा घालते. चातुर्मासात ज्यांना तो वर्ज्य असेल त्यांनी हिंग, मिरची व भिजविलेली मुगाची डाळ घालावी. फोडशी व टाकळाही याच रीतीने होतात, त्यांना पिळण्याचे कारण नाही. फोडशी मात्र बुडाकडील पांढरा भाग काढून चार पाण्यांनी धुवावी. खर राहिली तर दातांखाली येते.

जेवताना कडू करांद्यांची गोष्ट निघाली. जुना दाणा संपला, की हे रानकंद काढावयाचे, चकत्या करून राखेच्या पाण्यात उकडावयाचे आणि टोपलीत घालून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवावयाचे. मग ते खाण्याजोगे होतात. "आवड म्हणून न्हाई खात," ती म्हणाली, आणि विषय तेथेच राहिला. आमच्या मातोश्री ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचे काही खात नसत. तो उपवास आम्हांस मोठा वाटे.

वरचे अरण्य १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. रानातील गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा आदिवासींचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. बाईला कायद्याचे साल माहीत नव्हते. "रान आमचंच हाय, पण भाव तुमचा," एवढे ती म्हणाली. आम्हांस आमच्या स्टेशनावरील घासाघिशीची आठवण झाली.

यंदाच्या ज्येष्ठात पाऊस थोडा उशिरा आला. तिसऱ्या दिवशी ती बाई स्टेशनावर दिसली, तेव्हा आम्ही नातवास घेऊन गेलो. दोन जुड्या घेतल्या आणि या वेळी काकडे आम्हीच मागितली. घरी शेवळ्यांचा पिवळा भाग काढला, बारीक चिरून तेलावर परतली, आणि काकडे ठेचून त्यांचा रस गाळून घातला. जोडीला भिजविलेली हरभऱ्याची डाळ. नातवाने प्रथम जिभेच्या टोकावर एक कण ठेवून पाहिला, थोडा थांबला, आणि मग ताट पुढे सरकविले.

परंतु हे नंतरचे झाले. स्टेशनावर तिने सहा काकडे मोजून दिली. आम्ही पैसे पुढे केले, तेव्हा तिने आणखी एक फळ उचलून नातवाच्या मुठीत दिले व म्हणाली, "हे मोजू नका, गुर्जी."