उलटे मोजलेले पाय

राज्य सरकारच्या नोकरीत आयुष्याची तीन तपे आम्ही दुसऱ्यांच्या कागदांतील चुका शोधण्यात घालवली. बेरीज चुकली, तारीख राहिली, सही भलत्या जागी झाली, हे आमच्या नजरेतून क्वचितच सुटे. सेवानिवृत्तीनंतर स्वतःच्या हातच्या चुका शोधण्याचा प्रसंग आला, तेव्हा मात्र ही विद्या आपल्याला फारशी अवगत नाही, हे बोटभर उंचीच्या एका काचेच्या व्हॉल्व्हने दाखवून दिले.

त्याचे कारण थोडे घरगुती आहे. आमचे मूळ घर जुन्या सुप्याचे. काळी आणि पांढरी या नद्यांच्या काठचे ते गाव धरणाखाली गेले. १०१ मीटर उंचीचा तो बांध १९८७ साली पुरा झाला. त्याआधीच आमच्यासारखी अनेक कुटुंबे रामनगरला येऊन वसली होती. तालुक्याचे सुपे हे नाव मागे पडून जोयडा हे नाव रूढ झाले. घर सोडण्यापूर्वी थोरल्या बंधूंनी कुणाकडून तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि एका पहाटे आई जात्यावर ओव्या म्हणत असताना तिच्या नकळत तो सुरू करून ठेवला होता. आई गेली, बंधूही गेले, कॅसेट उरली.

आमच्या अक्कांनी आता ऐंशी ओलांडली आहे. त्यांना कमी ऐकू येते. खोलीत कॅसेट लावली की जात्याची घरघर तेवढी कळते, शब्द कळत नाहीत. कानांवर हेडफोन लावून पाहिला, पण आमच्या जुन्या कॅसेट प्लेयरच्या क्षीण प्रवाहाने तो कुजबुजण्यापलीकडे जाईना. मध्ये एक ॲम्प्लिफायर हवा, हे ठरले. तो बाजारात मिळतो, स्वस्तही मिळतो. परंतु सुप्याच्या घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो लावला की प्रथम हिरवा दिवा उजळे, मग अर्ध्या मिनिटाने आवाज येई आणि त्या अर्ध्या मिनिटात सारे घर गप्प बसे. तो उजेड पुन्हा पाहावा, या हौसेपायी आम्ही व्हॉल्व्हचाच ॲम्प्लिफायर स्वतः बांधायला घेतला. हौसेला मोल नसते म्हणतात. ते पुढे मोजावे लागते, एवढेच.

व्हॉल्व्हची रचना समजायला कठीण नाही. आतला कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि समोरच्या पत्र्याकडे, म्हणजे प्लेटकडे, धावतात. मध्ये एक जाळी असते. जाळीवरचा विद्युत्दाब किंचित बदलला की हा ओघ त्या मानाने पुष्कळ बदलतो. बांधाची दारे थोडी वरखाली केल्याने नदीचे पात्र कमीजास्त व्हावे, तसेच हे. फ्लेमिंग यांनी १९०४ साली दोन अंगांचा व्हॉल्व्ह केला, १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरे अंग घातले आणि पुढे रेडिओ घरोघर पोचला. आम्ही घेतलेल्या १२एयू७ या व्हॉल्व्हमध्ये असे दोन संच एकाच काचेत असतात. डाव्या कानाला एक, उजव्याला एक.

जुन्या धर्तीच्या यंत्रांत दोनतीनशे व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतो. या वयात ते साहस नको, म्हणून आम्ही बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा नकाशा निवडला. त्यात व्हॉल्व्हच्या मदतीला मॉस्फेट नावाचे अर्धवाहक घटक असतात. बॅटरीचा दुसरा फायदा असा, की ज्या तालुक्यात काळी नदी उगम पावते आणि जिच्या पाण्यावर एवढी वीज निघते, तेथे पावसाळ्यात घरातले दिवे जाण्याचा नेम नसतो.

पंधरा दिवसांच्या मेहनतीनंतर बॅटरी जोडली. व्हॉल्व्ह काळाठिक्कर. आम्ही प्रथम बॅटरीवर संशय घेतला, मग व्हॉल्व्हवर. दुसरा व्हॉल्व्ह मागवला, तोही तसाच. चूक झाली की आधी हाताखालच्या माणसाकडे पाहायचे, ही जुनी सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. तिसऱ्या दिवशी अक्कांचा मुलगा आला. तो वायरमनचे काम करतो. त्याने खोके उलटे केले आणि विचारले, “मामा, पाय वरून मोजलेत की खालून?”

प्रश्नातच उत्तर होते. व्हॉल्व्हला नऊ पाय असतात. नकाशात ते खालच्या बाजूने पाहून, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलेले असतात. आम्ही वरच्या पत्र्यावर सुवाच्य अक्षरात १ ते ९ आकडे त्याच दिशेने लिहिले आणि खाली त्याच आकड्यांवर तारा जोडल्या. त्यामुळे पहिल्याचा नववा झाला, चौथ्याचा सहावा झाला. मधला पाचवा तेवढा आपल्या जागी राहिला. तापणाऱ्या तारेची दोन टोके चौथ्या आणि पाचव्या पायांवर असतात. आमची वीज पाचव्या आणि सहाव्यावर उभी होती, जेथून पुढे जायला वाटच नव्हती. बारा व्होल्टच असल्याने काही बिघडले मात्र नाही.

सगळे उसवून पुन्हा डाखले. या वेळी व्हॉल्व्हच्या पोटात नारिंगी ठिणगी उजळली आणि आमचा आनंद मावेना. तो मिनिटभर टिकला. मग पाच ओहमच्या दोन रेझिस्टरांतून धूर निघाला. तापणारे चारही घटक आम्ही एकाच ॲल्युमिनियमच्या पट्टीवर थेट आवळले होते. त्यांच्या पाठीचा धातू नुसता आधारासाठी नसतो, तो आतल्या एका पायाला जोडलेला असतो. मॉस्फेटच्या पाठीवर बारा व्होल्ट, शेजारच्या रेग्युलेटरच्या पाठीवर भलताच दाब, आणि पट्टीने दोघांचे सख्य जमवलेले. पाच वॅटच्या रेझिस्टरवर जवळजवळ तीस वॅटचा भार पडला. मध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा आणि बॅटरीपाशी एक अँपिअरचा फ्यूज, एवढे असते तर निभावले असते. भाच्याने तार काढली म्हणून थोडक्यात सुटलो. त्या दिवसापासून आधी फ्यूज, मग बाकीचे, हा आमच्या घरचा नियम झाला.

तिसरी चूक सर्वांत लहान आणि सर्वांत वाईट होती. आवाज आला, गोडही आला, पण खुंटी फिरवून उजवीकडचा आवाज कमी होई आणि डावीकडचा होत नसे. खुंटीच्या एका टोकाला जमिनीची तार जोडावी लागते. डाव्या बाजूच्या तारेचा डाख कच्चा होता. वरून तो लागल्यासारखा दिसे, पण चकाकी नव्हती. काडीने ढकलताच तार सुटली. हे हेडफोन आम्ही तसेच अक्कांच्या कानांवर चढवले असते, तर त्यांचे उरलेसुरले ऐकणेही धोक्यात आले असते. या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी बॅटरी सोडवून, नकाशावरील प्रत्येक रेघ मल्टीमीटरने तपासून तिच्यावर लाल शाईची खूण केली. मग वीज देऊन हेडफोनच्या छिद्रात स्थिर दाब उरत नाही ना, ते मोजले. पहिल्यांदा आम्हीच ऐकले.

मग अक्कांना बसवले. आवाज शून्यावर ठेवून हळूहळू वाढवला. त्यांनी डोळे मिटले. ओवी संपली, दुसरी लागली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “मागे कपिलेच्या गळ्यातली घंटा वाजते रे. पहाटे गोठ्यात तीच आधी उठायची.”

ही कॅसेट आम्ही अनेकदा ऐकली होती. घंटा कधीच ऐकली नव्हती. हेडफोन आमच्या कानांवर लावून पाहिला, आणि खरोखरच, जात्याच्या घरघरीमागे ती होती.

जाणकार सांगतात, व्हॉल्व्हच्या आवाजात मुळात नसलेल्या सुरांची थोडी भेसळ होते आणि तीच कानाला गोड लागते. असेल. घंटेचे श्रेय व्हॉल्व्हला, हेडफोनला की अक्कांच्या आठवणीला, याचा निवाडा आम्ही करीत नाही. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस मात्र आम्ही एक ओळ लिहून ठेवली आहे : पाय खालून मोजावेत.